आठ मंडळं कागदावर, पोरं एसटी स्टॉपवर

एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: गुहागर तालुक्यातल्या एका गावातली पाचवी ते दहावीची शाळा, पट साधारण 180. यंदा सांस्कृतिक विभागाची जबाबदारी नव्याने अंगावर आली आहे. जूनमध्ये विज्ञान, वाङ्मय, गणित, हरित सेना, कला, संगीत अशी आठ मंडळं थाटात स्थापन झाली. उद्घाटनं झाली, फोटो निघाले, आणि गणपतीपर्यंत सगळं थंड. मुलांना रस नाही असं सहकारी म्हणतात. डिसेंबरात गॅदरिंग आहे, त्याआधी मंडळं परत उभी करायची तर कशी?

रस नाही हे मला पटत नाही. मुलांना वेळ नाही, आणि त्यांच्या हातात काम नाही. मंडळ स्थापन करणं म्हणजे अध्यक्ष, सचिव निवडून दिनविशेष साजरे करणं, असं आपण धरून चालतो. मग दिनविशेषाला दोघं भाषण करतात आणि बाकीचे अठ्ठावीस ऐकतात. अशा मंडळात दुसऱ्या महिन्यात कोण येणार?

आधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो. निम्म्याहून जास्त मुलं एसटीने येत असतील तर खालचं वेळेचं गणित शब्दशः पाळा. मुलं वाडीवरून चालत येणारी असतील तर थोडी मोकळीक आहे. पट साठ-सत्तरचा असेल तर तीन मंडळंसुद्धा जास्त, दोन ठेवा. स्नेहसंमेलन दिवसा की रात्री हे गाव ठरवतं, तुम्ही नाही.

आता वर्षाकडे बघा. कॅलेंडरात दहा महिने दिसतात, पण आपल्या किनाऱ्यावर मंडळाच्या कामाला तीनच खिडक्या मिळतात. पहिली जूनच्या मध्यापासून गणपतीपर्यंत. त्यातही रेड अलर्टच्या सुट्ट्या, भातलावणीच्या दिवसांतली गळती आणि व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं म्हणून न पोचलेली मुलं वजा करा. दुसरी गणपतीची सुट्टी संपल्यापासून प्रथम सत्र परीक्षेपर्यंत, जेमतेम तीन-चार आठवडे. तिसरी दिवाळीनंतर जानेवारी अखेरपर्यंत, आणि हीच सगळ्यात भरीव. फेब्रुवारीत दहावीची बोर्डाची परीक्षा, मार्चात शिमगा, मग वार्षिक परीक्षा. तेव्हा वर्षभराचा आराखडा महिन्यांवर न मांडता या तीन खिडक्यांवर मांडा. पहिल्या खिडकीत घरात बसून होणारं काम, दुसरीत सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, तिसरीत लोकांसमोर आणायचं.

वेळ कुठून काढायचा? शाळा सुटल्यावर अजिबात नाही. पाचची गाडी चुकली की पुढची सात वाजता, आणि मुलींचा मोफत पास असला तरी गाडीच नसेल तर पासाचा काय उपयोग. मधल्या सुट्टीत डबा खाऊन पंधरा मिनिटं उरतात. उरतो शनिवार. सकाळची शाळा साडेसात ते साडेअकरा असेल तर शेवटच्या दोन तासिका मंडळांच्या, पण एक शनिवार सोडून एक. मुख्याध्यापकांकडून हे वेळापत्रकातच छापून घ्या. वेळापत्रकात नसलेलं मंडळ पहिल्याच घटक चाचणीला मरतं, कारण गणिताच्या शिक्षकांना जादा तास हवा असतो आणि ते काही चूक नसतात.

आठऐवजी तीन मंडळं ठेवा. भित्तिपत्रकाचं, निसर्ग-विज्ञानाचं आणि कलेचं. हरित सेना निसर्गात, गणित विज्ञानात, वाङ्मय भित्तिपत्रकात सामावतं. अहवालात वेगवेगळी नावं द्यावी लागली तर द्या, तास मात्र तीनच. प्रत्येक मंडळात इयत्तांची सरमिसळ हवी. नुसत्या नववीचं मंडळ केलंत तर पुढच्या जूनमध्ये ती मुलं दहावीत आणि मंडळ शून्यावर.

छोट्या शाळेचं एक दुखणं असं की कबड्डीत, नाचात, विज्ञान प्रदर्शनात आणि वक्तृत्वात तीच वीस मुलं असतात. तालुका क्रीडा स्पर्धा लागल्या की सगळी मंडळं एकदम ओस पडतात. म्हणून नियम ठेवा: एका मुलाला एकच मंडळ आणि एकच पद. गोड गळ्याच्या मुलीला विज्ञानात जायचं असेल तर जाऊ द्या, गाणं ती गॅदरिंगला म्हणेलच.

भित्तिपत्रकावर जरा जास्त बोलतो, कारण खर्च सगळ्यात कमी आणि बिघडतंही सगळ्यात जास्त तेच. पावसाळ्यात डिंकाने चिकटवलेला कागद दोन दिवसांत सुटतो आणि स्केचपेनची शाई ओघळते. मजकूर बॉलपेनने, शीर्षकं पर्मनंट मार्करने लिहा. चार बाय तीन फुटांची प्लायची फळी घ्या, भिंतीपासून इंचभर पुढे राहील अशी खिळ्यांवर टांगा म्हणजे मागून हवा खेळते, आणि वरून पारदर्शक प्लास्टिक सोडा. पश्चिमेच्या पडवीत लावू नका, झड थेट आत येते. या फळीवर ए-फोरचे आठ कागद आणि मधोमध एक चित्र नीट बसतं. दरमहा अंक काढायचा हट्ट नको, वर्षाला पाच पुरे: जुलैच्या सुरुवातीला, ऑगस्टअखेर, परीक्षेआधी, डिसेंबरात, आणि 6 जानेवारीला विशेषांक. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 मध्ये त्याच तारखेला ‘दर्पण’ सुरू केलं आणि ते आपल्याच देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. हे मुलांना सांगितलं की तारीख पाठ करावी लागत नाही.

विषय देताना ‘पर्यावरणाचे महत्त्व’ असं दिलंत तर मोबाइलवरून उतरवलेला निबंधच हातात येणार. त्याऐवजी माहिती विचारा. आमच्या वाडीत विहिरी किती, मे महिन्यात कुठली आटते. बंदरावर मासळीचा लिलाव कसा बोलतात. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, घरात काय काय भरून ठेवतात आणि किती. असा मजकूर कुठूनच उतरवता येत नाही, विचारायलाच जावं लागतं. संपादक चार, दोन नववीचे आणि दोन आठवीचे. शुद्धलेखन तुम्ही तपासा, पण बोलीतला संवाद प्रमाणभाषेत आणू नका. आजी जशी बोलली तशीच छापा.

निसर्ग-विज्ञान मंडळाला पहिल्या खिडकीत पाऊस मोजायला लावा. सरळ अंगाची दोन लिटरची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा नरसाळ्यासारखा बसवा. बुडाला खळगे असतात, तिथे खडी टाकून ती बुडेपर्यंत पाणी भरा आणि त्या पातळीवर शून्याची रेघ मारा. तोंड आणि बाटली एकाच रुंदीचे असले की पट्टीने मिलिमीटर थेट वाचता येतात. जागा उघडी हवी, माडाखाली किंवा पागोळीजवळ नको. नोंद रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खातं चोवीस तासांचा पाऊस त्याच वेळी मोजतं. शाळा तेव्हा भरलेली नसते, म्हणून काम शाळेशेजारी राहणाऱ्या मुलाकडे द्या, सुट्टीतही तोच बघेल. आपल्याकडे जुलैत बाटली एका दिवसात भरून वाहू शकते. धुवांधार असेल तर संध्याकाळी एकदा मोजून शून्याच्या रेघेपर्यंत रिकामी करायची आणि सकाळचा आकडा त्यात मिळवायचा, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर नेमका मोठा आकडा हुकतो. 64.5 मिलिमीटरपासून जोरदार, 115.6 पासून अतिजोरदार आणि 204.4 च्या वर अत्यंत जोरदार, ही खात्याची वर्गवारी फळ्याशेजारी लिहून ठेवा. काल अलर्ट कुठला होता आणि आपल्या बाटलीत किती पडलं हे मुलं आपणहून ताडून बघायला लागतात. गणित मंडळाचा आलेख यातच आला.

दाल्दी, भंडारी, खारवी अशा किनाऱ्यावरच्या समाजांची मुलं वर्गात असतील तर भरतीची वेळही मोजायला द्या. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ येते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या आसपास. जेटीवर जाऊन हे महिनाभर पडताळायचं, दर दिवशी ती साधारण पन्नास मिनिटांनी कशी सरकते ते लिहायचं, उधाणाच्या (सगळ्यात मोठ्या भरतीच्या) आणि भांगाच्या (सगळ्यात कमी भरतीच्या) दिवशी पाणी कुठल्या पायरीपर्यंत येतं ती खूण करायची. एरवी वर्गात गप्प बसणारा मुलगा इथे सगळ्यांना शिकवतो. मोजणी मोठ्या माणसाबरोबर आणि पायऱ्यांच्या वरूनच.

दुसऱ्या खिडकीत सडा. गणपतीनंतर कातळावरची फुलं अजून असतात. एक मीटरचा दोरीचा चौकोन टाकून आतल्या जाती मोजायच्या, तोडायचं काही नाही. जवळ कातळशिल्प असेल तर चित्र काढून आणा, पण रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडूने भरू देऊ नका. रत्नागिरी, राजापूरकडची काही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. तिसरी खिडकी संपली की कासवं. वेळास, आंजर्ले, गुहागर इथल्या घरट्यांतून पिल्लं साधारण फेब्रुवारीनंतर जास्त बाहेर येतात. वनविभाग आणि तिथल्या कासवमित्रांशी आधी बोलून आठवी-नववीला न्या. पिल्लं हातात घ्यायची नाहीत, मोबाइलचा टॉर्च लावायचा नाही. ठरल्या दिवशी पिल्लं येतीलच असं नसतं, हे पालकांनाही सांगून ठेवा. शैक्षणिक सहलीला एसटी सवलत देते, पण अर्ज आणि शिक्षण विभागाची परवानगी महिनाभर आधी लागते, पालकांचं संमतिपत्र वेगळं. आणि किनाऱ्यावर गेलात तरी पाण्यात उतरणं नाही, गुडघाभरसुद्धा नाही.

कला मंडळाला शिक्षक गावातच आहेत. नमन-खेळ्यांत, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्यात, मृदंग वाजवणारा, गवळण म्हणणारा कुणी ना कुणी पालक असतोच, त्याला शनिवारी बोलवा. पावसात ढोलकी-तबल्याची शाई-चामडं ओलावतं आणि सूर उतरतो, म्हणून वाद्यं जमिनीवर किंवा भिंतीला टेकून न ठेवता कापडात गुंडाळून फळीवर ठेवा. शिमग्यातल्या मानाच्या वस्तू किंवा सोंगाचे मुखवटे शाळेच्या स्टेजवर आणायचे असतील तर आधी गावकारांना, म्हणजे गावातल्या मानकऱ्यांना, विचारा. ऐन वेळी वाद होण्यापेक्षा ते बरं.

आता आनंद बाजार. दिवाळीनंतरच्या एखाद्या शनिवारी, साडेनऊ ते साडेअकरा. नेहमी होतं असं की बारापैकी सात स्टॉल वडापावचे असतात आणि सगळ्यांचा माल उरतो. एकाच पदार्थाचे दोनच स्टॉल, नाव नोंदवेल त्याचा पदार्थ. किती करायचं याचा हिशेब मुलांनाच करू द्या: 180 मुलं आणि चाळीसेक पालक-शिक्षक धरले तर 220 माणसं, प्रत्येकी अडीच पदार्थ, म्हणजे 550 प्लेट. बारा स्टॉलना भागलं तर प्रत्येकी 45 च्या आसपास. शंभर करायच्या नाहीत. एक किलो बटाट्याचे पंधराएक वडे होतात, एक किलो कुरमुऱ्यांच्या पंचवीसेक भेळ, एक लिटर कोकम सिरपचे पाणी घालून तीस-पस्तीस छोटे ग्लास. सोलकढी कुणी तरी आणणारच. नारळाचं दूध उन्हात तास-दोन तासांत बिघडतं, बर्फात ठेवता येणार नसेल तर नको म्हणा. मैदानावर तळण नाही, तळायचं ते घरी, मोठ्यांच्या देखत.

सुट्ट्या पैशांचा गोंधळ टाळायला कूपन ठेवा. पाच आणि दहा रुपयांची रंगीत पुठ्ठ्याची, शाळेचा शिक्का मारलेली. एका टेबलावर विक्री, शेवटी स्टॉलवाले कूपन देऊन रोख घेतात. विकलेली कूपन म्हणजे स्टॉलवर जमा झालेली अधिक परत आलेली अधिक हरवलेली. हे जुळलं नाही तर कुणीतरी शिक्का मारायचा विसरलंय किंवा कुणी घरी कूपन कापून आणलंय. भांडवल स्टॉलमागे तीनशेच्या वर नको. घरचा नारळ, घरचं कोकमसुद्धा बाजारभावाने खर्चात धरायला लावा. नाहीतर फुकटचा माल विकून ‘नफा’ झाला असं वाटतं.

गॅदरिंगची तारीख ठरवताना आधी जत्रांची यादी बघा. कार्तिकापासून गावोगाव जत्रा सुरू होतात, त्या रात्री शाळेत कोणी येत नाही आणि साउंडवालाही मिळत नाही. ड्रेपरी, म्हणजे भाड्याचे पोशाख, महिनाभर आधी सांगा, कारण तालुक्यातल्या सगळ्या शाळा त्याच दोन आठवड्यांत असतात. उंची आणि छातीची मापं यादीत द्या. प्रत्येक पिशवीत मुलाचं नाव आणि वस्तूंची संख्या लिहिलेली चिठ्ठी टाका. परत देताना हमखास कमी पडतात ते कमरपट्टे, फेटे आणि टिपऱ्या, आणि त्याचे पैसे अनामतीतून कापले जातात.

कार्यक्रम कितीचे घ्यायचे याचं गणित सोपं आहे आणि तरीही सगळे चुकतात. पाच मिनिटांचं गाणं म्हणजे सात मिनिटं, कारण दोन मिनिटं आत-बाहेर करण्यात जातात. वीस कार्यक्रम म्हणजे दोन तास वीस मिनिटं. साडेसहाला सुरू करून अर्धा तास पाहुण्यांना दिला तर नऊ वीसला संपतं. तीस घेतले तर साडेदहा होतात, आणि लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावाच लागतो. मग शेवटची नववीची नाटिका कापली जाते, जिची तालीम सगळ्यात जास्त झालेली असते. त्यामुळे बक्षीस वितरण आणि भाषणं सकाळीच उरका. लहान इयत्ता आधी. लागोपाठच्या दोन कार्यक्रमांत एकच मूल नको. गाणी क्रमांक घालून दोन पेन ड्राइव्हवर ठेवा. फोनवरून वाजवायची वेळ आलीच तर तो एअरप्लेन मोडवर, नाहीतर लावणीच्या मध्येच कुणाचा तरी कॉल वाजतो.

स्टेज 24 बाय 18 फूट पुरतो. जाखडी मात्र त्यावर घेऊ नका. तो गोलात नाचायचा प्रकार, मधे वादक, आठजणांतच जागा संपते आणि निम्म्यांची पाठच दिसते. स्टेजपुढे मैदानात गोल करून घ्या, लोक तीन बाजूंनी बसतील. डिसेंबर-जानेवारीत नऊनंतर दव पडतं. मॅटिंग निसरडं होतं, अनवाणी मुलं घसरतात, म्हणून कोरडं फडकं घेऊन एकजण विंगेत उभा ठेवा.

तालमी बारा शाळेचे दिवस, शेवटच्या दोन तासिका, प्रत्येक खोलीत एक शिक्षक, मुलींच्या तालमीला बाई. दहावीला एकच कार्यक्रम द्या. कार्यक्रम रात्रीचा असेल तर मुलांची वाडीवार यादी करा, प्रत्येक वाडीला एक जबाबदार पालक, आणि संपल्यावर माइकवरून वाडी पुकारून त्याच्या ताब्यात द्या. ‘आपापल्या पालकांबरोबर जा’ एवढी घोषणा पुरत नाही.

फिशपॉन्ड, म्हणजे शेला-पागोटे (एकमेकांवरच्या गमतीच्या चिठ्ठ्या वाचून दाखवणं), ठेवायचे की नाही यावर मतं दोन आहेत. ठेवत असाल तर सगळ्या चिठ्ठ्या दोन शिक्षकांनी आधी वाचायच्या. रंग, अंगकाठी, जात, वाडी आणि मुला-मुलीच्या जोड्या यावरची प्रत्येक चिठ्ठी बाद. वर्गातल्या प्रत्येकाला एक आणि एकच, नाहीतर काहींना पाच मिळतात आणि काहींना कोणी विचारतही नाही. एवढी चाळणी करायला वेळ नसेल तर ठेवूच नका.

पैशांसाठी गणपतीत घरी आलेल्या चाकरमान्यांना भेटा. मुंबईतल्या गावकऱ्यांचं मंडळ असतंच, आणि त्या पाच दिवसांत त्याची सभाही होते. रोख मागण्यापेक्षा वस्तू मागा: एक स्पीकर आणि दोन कॉर्डलेस माइक, भित्तिपत्रकाची फळी, वाद्यांचं कपाट. यादी छापील, किमतीसह. पावती शाळेच्याच नावाची. कोणाही शिक्षकाच्या खात्यावर पैसे घेऊ नका, ओळखीचे असले तरी.

तुमच्या हातात आता दिवाळीनंतरची खिडकी आहे. आठ मंडळं मोडून तीन करायला एक शनिवार पुरतो. पहिल्या तासिकेत मुलांना निवडू द्या, दुसरीत कामाला लावा. पाऊस मोजायचा हंगाम गेला असला तरी भरतीची वेळ, विहिरींची पातळी आणि भित्तिपत्रक लगेच सुरू होतं. प्रत्येक मंडळाची एक दोनशे पानी वही ठेवा: तारीख, काय केलं, साहित्य किती लागलं, काय फसलं. निरोप समारंभाला दहावीच्या मुलांकडून भाषणाऐवजी ही वही आणि कपाटाची किल्ली नववीच्या हातात द्यायला लावा, म्हणजे जूनमध्ये स्पीकरची वायर कुठे ठेवली हे शोधत बसावं लागणार नाही.